ताप पाड्यावर, तपासणी तालुक्याला : जव्हार-मोखाड्यातील मलेरिया आणि ‘लोकसहभागा’चे राजकारण

“ही माणसे दवाखान्यात येतच नाहीत. आधी भगताकडे जातात, आणि हाताबाहेर गेले की आमच्याकडे आणतात.”

जव्हार-मोखाड्यात काम करताना हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा रागही येईनासा झाला आहे. कधी ते सरकारी गाडीतून उतरलेल्या साहेबाच्या तोंडी असते. कधी मुंबईहून मच्छरदाण्या वाटायला आलेल्या दानशूर मंडळींच्या तोंडी असते. आणि दुःख याचे की कधी कधी ते आपल्याच, गळ्यात निळा रुमाल घातलेल्या मित्राच्या तोंडीही असते. “अंधश्रद्धा गेल्याशिवाय यांचे काही होणार नाही,” असे तो म्हणतो आणि आपण मोठी वैज्ञानिक भूमिका मांडली असे त्याला वाटते.

पहिल्या दोघांशी आपले भांडण जुने आहे, ते चालू राहील. हा लेख त्या तिसऱ्या मित्रासाठी आहे.

मित्रा, एक पाडा डोळ्यांसमोर आण. नाव सांगत नाही, कारण असे पाडे दोन्ही तालुक्यांत अनेक आहेत. आवणीचे दिवस. पाड्याकडे जाणारा रस्ता ओहोळापाशी संपतो, पुढे चिखलाची पाऊलवाट. एका घरात सहा वर्षांची पोर हुडहुडी भरून तापली आहे. आशाताई येते. ती याच गावची, तिच्या हातात जे आहे ते ती करते. झटपट तपासणीचे किट संपलेले, म्हणून ती बोटातून रक्त घेऊन काचपट्टी तयार करते. ती काचपट्टी आरोग्य सेवक येईल तेव्हा त्याच्याकडे जाणार, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथे तंत्रज्ञ असेल तर तिथे, नसेल तर पुढे तालुक्याला. आम्ही त्या पोरीच्या अहवालाचा पाठपुरावा केला. रक्त घेतल्यापासून अकराव्या दिवशी उत्तर आले. पॉझिटिव्ह. अकरा दिवस आईने काय करायचे होते? हात जोडून बसायचे? ती भगताकडे गेली, कारण रात्री दोन वाजता दार उघडणारा, ‘एवढ्या उशिरा का आणलीस’ म्हणून न खेकसणारा आणि तिच्या भाषेत बोलणारा त्या पाड्यावर तो एकटाच होता.

आता सांग, इथे अवैज्ञानिक कोण? ती आई, की अकरा दिवस काचपट्टी फिरवणारी व्यवस्था?

मलेरियाचे विज्ञान समजून घेतले तर या अकरा दिवसांचा अर्थ कळतो. ॲनॉफिलिस जातीची मादी रात्री चावते. तिने आजारी माणसाचे रक्त प्यायले की परजीवी तिच्या अंगात जातो, तिथे साधारण दहा-बारा दिवसांत तयार होतो आणि मग ती चावेल त्याला आजार देतो. म्हणजे एक रुग्ण अकरा दिवस औषधाविना राहिला, तर तेवढ्या काळात त्याच घराच्या आसपासचे डास पुढच्या माणसाला आजारी पाडायला सज्ज झालेले असतात. म्हणूनच मलेरियाच्या कामात एक साधा नियम आहे : ताप आल्यापासून २४ तासांच्या आत तपासणी आणि उपचार. हे २४ तास कोण पाळू शकतो? जिल्ह्याचे हिवताप कार्यालय पाळू शकत नाही. फिरते पथक पाळू शकत नाही. ओहोळाला पूर आल्यावर डॉक्टरही पाळू शकत नाही. २४ तासांचा नियम फक्त पाड्यावर राहणारा माणूस पाळू शकतो, त्याच्या हातात किट आणि गोळ्या असतील तर.

लोकाधारित मलेरिया नियंत्रण म्हणतात ते एवढेच आहे. त्यात उपकार नाही, भाबडेपणा नाही. तो आजाराच्या वेळापत्रकाचा हिशेब आहे.

उपचारांचेही तेच. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियात क्लोरोक्विन तीन दिवस द्यायचे असते, पण यकृतात लपून राहणाऱ्या परजीवीसाठी प्रायमाक्विन १४ दिवस द्यावे लागते. फॅल्सिपेरम हा जीवघेणा प्रकार. त्यात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे एकत्रित औषध तीन दिवस आणि प्रायमाक्विनचा एक डोस. आता ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि शेतात आवणी थांबलेली आहे, तर उरलेले अकरा दिवस गोळी कोण घेणार? जिचे घर शेजारी आहे अशी बाई रोज संध्याकाळी विचारेल, “आजची गोळी घेतलीस का गं?” तरच ती घेतली जाईल. प्रायमाक्विन गर्भवतीला आणि एक वर्षाखालील बाळाला देत नाहीत. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात, आणि ही कमतरता काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. लघवी काळपट-लालसर झाली तर गोळी ताबडतोब थांबवून दवाखाना गाठायचा असतो. ही एक ओळ पाड्यावरच्या प्रत्येक आईला माहीत हवी. ती तिला कोणी सांगितली? गोळ्यांचे पाकीट हातात ठेवणे म्हणजे उपचार, असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

इतिहासाकडे जाऊ, कारण आपण इतिहास विसरलो की व्यवस्थेचे काम सोपे होते.

१८९७ साल घ्या. त्या एका वर्षात आरोग्याच्या तीन वाटा आपल्यासमोर आल्या. फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. प्लेगच्या नावाने घरात घुसायचे, माणसांना उचलायचे, सामान जाळायचे, असा पुण्याने अनुभवलेला कारभार त्याच जोरावर चालला. ही हुकमाची वाट. त्याच दिवसांत सावित्रीमाई फुले मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही माणसांत राहून सेवा करण्याची वाट. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. ही विज्ञानाची वाट.

सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. राज्यकर्त्यांनी यातली पहिली वाट मनापासून स्वीकारली. तो कायदा २०२० च्या कोरोनातही बाहेर काढला. तिसरी वाट त्यांनी प्रयोगशाळेत आणि कार्यालयात नेऊन ठेवली. सावित्रीमाईंची वाट मात्र तसबिरीत गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडीच्या एका मातेची जुळी बाळे दगावली आणि तिला डोलीतून नेण्याची वेळ आली, ही बातमी सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. १८९७ मध्ये रुग्ण पाठीवर होता, २०२२ मध्ये तो डोलीत होता. खांदे तेव्हाही शोषितांचेच होते, आजही त्यांचेच आहेत.

स्वतंत्र भारताने मलेरियाशी मोठी लढाई दिली, हे मान्य केलेच पाहिजे. त्या काळी देशात वर्षाला सुमारे ७.५ कोटी लोकांना मलेरिया होई आणि ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली तो निर्मूलनाचा झाला, डीडीटी घराघरांत मारली गेली. १९६५ पर्यंत रुग्ण सुमारे १ लाखावर आले. विजयाच्या घोषणा झाल्या. आणि १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले! का? डास डीडीटीला दाद देईनासे झाले, औषधाचा पुरवठा अपुरा पडला, ही कारणे खरीच. पण मोठे कारण असे की फवारणीची पथके आली तशी निघून गेली आणि मागे गावात काहीच उभे राहिले नाही. ताप आलेला माणूस शोधणारी, त्याचे रक्त घेणारी, औषध देणारी यंत्रणा गावपातळीवर नव्हती. रुग्ण कमी झाले की पैसा कमी, लक्ष कमी. १९७७ साली धोरण बदलावे लागले आणि गावोगावी तापउपचार केंद्रे, औषध वाटप केंद्रे काढावी लागली. म्हणजे सरकारच ठेच लागून या निष्कर्षाला आले की गावातल्या माणसाशिवाय मलेरिया हटत नाही.

हा धडा आज आठवण्याचे कारण आहे. आज राज्यातील मलेरिया म्हटले की गडचिरोली आणि मुंबई ही नावे येतात. जव्हार-मोखाड्याबद्दल विचारले की “आता इथे फारसा नाही” असे उत्तर मिळते. मलेरिया खरोखर कमी झाला असेल तर आम्हाला आनंदच आहे, आणि त्याचे श्रेय आशाताईंना आणि आरोग्य सेवकांना आहे. पण ज्या पाड्यावर किट नाही, तिथला ताप आकड्यात येत नाही. न मोजलेला ताप कागदावर शून्य असतो. आणि रुग्ण कमी असण्याचा काळ हाच पाडा सोडून जाण्याचा सर्वांत वाईट काळ असतो, हे १९६५ ते १९७६ या अकरा वर्षांनी शिकवले आहे. देशाने २०२७ पर्यंत स्थानिक मलेरिया शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत मलेरियामुक्तीचे लक्ष्य ठेवले आहे. शेवटचे रुग्ण कुठे असतील? शहराच्या सोसायटीत की रस्ता संपतो त्याच्या पुढे?

“लोकांच्या हाती दिले तर जमेल का?” असे विचारणाऱ्यांनी जरा बाहेर पाहावे.

छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग नावाची डॉक्टरांची संस्था आहे. तिथे गावातील आरोग्य कार्यकर्त्या, ज्यातल्या अनेकींचे शिक्षण जेमतेम, रक्ताची काचपट्टी तयार करीत. ती साबणाच्या डबीत घालून गावावरून जाणाऱ्या बसबरोबर पाठवीत. गनियारीच्या प्रयोगशाळेत तपासणी होई आणि उत्तर परतीच्या बसने येई. बस रोज जातच होती. तिचा उपयोग होऊ शकतो हे सुचायला पाड्याकडे माणूस म्हणून पाहणारा डोळा लागला, एवढेच. आमच्या पोरीच्या अकरा दिवसांशेजारी ही साबणाची डबी ठेवून पाहा.

ओडिशा सरकारने २०१७ साली ‘दमन’ नावाची मोहीम दुर्गम गावांत सुरू केली. ताप असो वा नसो, सगळ्या गावाची तपासणी, कारण अंगात परजीवी असूनही ताप नसलेली माणसे आजार टिकवून ठेवतात. पॉझिटिव्ह निघेल त्याला तिथेच औषध, सोबत मच्छरदाण्या आणि फवारणी, आणि या सगळ्याचा कणा म्हणजे गावची आशा. २०१६ साली ओडिशात सुमारे ४.४ लाख रुग्ण होते. २०१९ साली ते ४० हजारांच्या आत आले. बस्तरमध्ये २०२० पासून अशीच घरोघर तपासणी झाली, आणि तिथेही पॉझिटिव्ह निघालेल्यांत निम्म्याहून अधिक लोकांना काहीच लक्षण नव्हते. ओडिशा आणि बस्तरच्या जंगलात जमते ते मुंबईपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर जमत नाही, हे कोणाला पटेल?

आपल्या महाराष्ट्रातही दाखला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि बालमृत्यू घटवून दाखवले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशाच्या धोरणात गेले. ज्यांना ‘अडाणी’ म्हणून हिणवले त्यांनी जगाला शिकवले.

मग आपल्याकडे घोडे कुठे अडते?

ते ‘लोकसहभाग’ या शब्दापाशी अडते. या गोड शब्दाची आम्हाला आता भीती वाटते. सरकारी भाषेत लोकसहभाग म्हणजे काम लोकांचे, निर्णय साहेबांचा आणि दोष पुन्हा लोकांचा. गटारे तुम्ही साफ करा, डबकी तुम्ही बुजवा, कोरडा दिवस तुम्ही पाळा. किट किती मागवायची, फवारणी कधी करायची, रिकामी पदे कधी भरायची, यात मात्र तुमचा सहभाग नको. फवारणीचेच पाहा. पथक येते ते आवणीच्या ऐन दिवसांत, घराला कुलूप असताना. किंवा सणाच्या आधी, जेव्हा बाया कुडाच्या भिंती नव्याने सारवणार असतात. सारवण झाले की औषधाचा थर त्याखाली गेला. पाड्यावरच्या कोणत्याही बाईला विचारले असते तर तिने बरोबर आठवडा सांगितला असता. तिला विचारले नाही, आणि अहवालात लिहिले : “ग्रामस्थांचे सहकार्य मिळाले नाही.”

आशाताई ही या लोकसहभागाची सर्वांत क्रूर मूर्ती आहे. २००५ पासून ती ‘स्वयंसेविका’ आहे. केंद्राच्या दरपत्रकात मलेरियाच्या एका रक्ततपासणीचा मोबदला वर्षानुवर्षे १५ रुपये आणि पूर्ण उपचाराचा ७५ रुपये राहिला. चौदा दिवस एका घराच्या फेऱ्या, त्याचे पंचाहत्तर! ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरच्या आशाताई संपावर गेल्या तेव्हा आपल्या किती संघटना त्यांच्या मांडवात बसल्या? दलित, आदिवासी, भटक्या, ओबीसी घरांतील हजारो स्त्रियांच्या श्रमाला ‘सेवा’ म्हणायचे आणि दाम द्यायचा नाही, ही रीत आपण ओळखतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आलेले गावकीचे काम असेच होते. तेव्हा त्याला वतन म्हणत, आता मोबदला म्हणतात. १९४५ साली याच पट्ट्यातल्या वारल्यांनी वेठीविरुद्ध बंड केले होते. वेठ नाव बदलून परत आली तर ती ओळखण्याची जबाबदारी आपली आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. लोकसहभाग पुरे, लोकाधिकार द्या.

आणि हा अधिकार भीक म्हणून मागायचा नाही, तो कायद्यात आहे. जव्हार आणि मोखाडा हे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील तालुके आहेत. दोन्हीकडे दहातली नऊ माणसे आदिवासी. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर ग्रामसभेचे आणि पंचायतीचे नियंत्रण असावे. सामाजिक क्षेत्रात आरोग्य येत नाही का? महाराष्ट्राने २०१४ साली या कायद्याचे नियम केले, त्यात पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागण्याची सोय आहे, ग्रामसभा कोष आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय आहे, आणि तो आरोग्य-स्वच्छतेवर खर्च करता येतो. म्हणजे किट संपली म्हणून वर डोळे लावून बसण्याचे कारण नाही. ग्रामसभा ठराव करू शकते, जाब विचारू शकते, खर्च करू शकते. हे आमच्या पाड्यांना कोणी सांगितले? पेशंटला ‘आरोग्य शिक्षण’ द्यायला सगळे तयार असतात, पेसा शिकवायला कोणी येत नाही. कारण हात धुवायला शिकलेला आदिवासी कोणाला त्रास देत नाही, ठराव लिहायला शिकलेला देतो.

याच भूमीने दाखवलेही आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, भरारी पथके आली, पाडा स्वयंसेवक आले. २००७ पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. जनसुनवाईत बाया उभ्या राहून डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. औषध होते का, पैसे घेतले का, डॉक्टर होता का. साधे प्रश्न, पण ते विचारणारी माणसे खुर्चीतल्यांना कधीच आवडली नाहीत. लोक मोजू लागले की यंत्रणा सुधारते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता आणखी एका प्रश्नाला हात घालू, जो मच्छरदाणीच्या फोटोत मावत नाही. स्थलांतर. दिवाळी झाली की इथले पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, ठाण्याच्या वीटभट्ट्या, मुंबई-नवी मुंबईतील बांधकामे, रेती, बागा. मुकादमाची उचल घेतलेली असते, लेकरांसकट कुटुंब निघते. प्लास्टिकच्या झोपडीत मच्छरदाणी कुठे टांगायची? मुंबईचा ॲनॉफिलिस स्टेफेन्सी पाण्याच्या टाक्यांत आणि बांधकामावर साचवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तो चावतो त्या मजुराला, ज्याचे नाव ना शहराच्या यादीत असते ना गावच्या. पावसाच्या तोंडावर तो परत येतो, कधी कधी ताप घेऊन, आणि पाड्यावर आवणीच्या पाण्यात, ओहोळाच्या कडेला डास तयारच असतात. शहर म्हणते मजुरांनी मलेरिया आणला, गाव म्हणते शहरातून आला. बिल्डरचे आणि भट्टीमालकाचे नाव कोणीच घेत नाही.

आणि मुंबई इथून केवळ मजूर नेत नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बाया टँकरची वाट पाहतात आणि मिळेल ते पाणी घरात पिंपे भरून साठवतात. मग कोणीतरी येऊन सांगतो, “पाणी साठवू नका, डास होतात.” २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर विचारलेला प्रश्न, पाणी कोणाचे, हा इथे रोज पाठीवर हंडा घेऊन उभा आहे. पाण्याच्या हक्काशिवाय डासाची गोष्ट करणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा आहे.

आता आक्षेप.

एक : “दहावी शिकलेल्या बाईच्या हाती रक्त आणि औषध देणे धोक्याचे.” धोका कशात अधिक आहे, प्रशिक्षित आशेच्या हातातल्या किटमध्ये की अकरा दिवसांत? बस्तर आणि ओडिशाने उत्तर दिले आहे. ज्ञान विशिष्ट हातांतच राहावे, हा आग्रह आपण फार जुन्या काळापासून ओळखतो.

दोन : “सगळे लोकांनीच करायचे तर सरकार कशाला?” हा आक्षेप आपल्या बाजूचा आहे आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. लोकाधारित या नावाखाली सरकार अंग काढून घेऊ शकते, घेतेही. म्हणून अट अशी : पाड्यावरची कार्यकर्ती ही आरोग्य केंद्राला पर्याय नाही. फॅल्सिपेरमचा रुग्ण बेशुद्ध झाला, लघवी बंद झाली, तर त्याला डॉक्टर, रक्त आणि रुग्णवाहिका लागते. तिथे आशाताईची गोळी पुरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. ग्रामसभेने हाती घ्यायचे ते नियंत्रण, आणि सरकारकडून वसूल करायचे ते कर्तव्य.

तीन : “हा आदिवासींचा प्रश्न, आपला नाही.” मित्रांनो, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीने २०१८ साली सांगितले की देशाच्या लोकसंख्येत ८.६ टक्के असलेल्या आदिवासींच्या वाट्याला मलेरियाचे सुमारे ३० टक्के रुग्ण आणि निम्मे मृत्यू येतात. डास जात पाहत नाही. मरण मात्र रस्ता, पगार आणि जात पाहून येते. आणि इतिहास सांगायचा तर, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, आणि त्या निधीच्या कामांत खाणपट्ट्यातील मलेरियाविरोधी मोहीम होती. मलेरिया हा मजुराच्या हक्काचा प्रश्न आहे आणि त्याचा पैसा मजुराच्या श्रमावर चालणाऱ्या उद्योगाने द्यावा, हे सूत्र त्यात आहे. आज ते वीटभट्टीला आणि बिल्डरला लावायला कोण पुढे येणार? बाबासाहेबांचे नाव घेणारे आपण नाही, तर कोण?

आमच्या मागण्या या. प्रत्येक पाड्यावर, दर पावसाळ्याआधी, किट आणि पूर्ण उपचाराचा साठा. तो संपल्यास कोण जबाबदार त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर. निकाल त्याच दिवशी. दर महिन्याच्या ग्रामसभेत तापाची वही जाहीर वाचायची : किती ताप, किती तपासण्या, निकालाला किती दिवस. फवारणीचा आठवडा ग्रामसभा ठरवेल. भट्टीवर जाताना आणि परतताना तपासणी, आणि भट्टीमालकावर मच्छरदाणी व उपचाराची जबाबदारी. आशाताईला मोबदला नको, पगार. आणि भगतालाही प्रशिक्षणात घ्या. ताप दिसला की आधी किट, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. यामुळे आपल्या बावीस प्रतिज्ञांना बाधा येत नाही. दैववादाशी लढाई आम्ही सोडलेली नाही. पण पाड्यावर तपासणी आणि गोळी पोहोचली की ती लढाई अर्धी जिंकलेली असते, हा आमचा अनुभव आहे.

तुम्ही काय कराल? १४ एप्रिलला डीजे थोडा कमी वाजला तरी चालेल. आवणीच्या महिन्यात दोघे-दोघे मिळून आठ दिवस एका पाड्यावर राहा. फोटो काढू नका, वही घाला. किती जणांना ताप आला, किट होते का, निकाल कधी आला, एवढे लिहा. माहिती अधिकारात किटच्या साठ्याची नोंद मागवा आणि तुमच्या वहीशेजारी ठेवा. मग ग्रामसभेत बोलायला उभे राहू नका. पाड्यावरच्या बाईला उभे करा आणि तिच्या मागे बसा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ याचा जव्हार-मोखाड्यातला अर्थ आम्हाला एवढाच कळला आहे.

त्या पोरीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ती वाचली. आरोग्य केंद्रापर्यंत तिला काकाने खांद्यावरून नेले. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्याच घरी गेलो तेव्हा तिच्या आईने आम्हाला पाणी दिले आणि विचारले, “या साली किटा आल्या का?”

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला अंधश्रद्ध म्हणायची हिंमत आता कोणी करून दाखवावी.

जय भीम! जय आदिवासी!